आधी कोणती तार सोडायची? नियम, कारण आणि एमजीबीची बॅटरी

मंडळी, नियम पाळणे वेगळे आणि नियम समजणे वेगळे, हे आपण सगळेच म्हणतो. पण हा फरक नेमका कुठे दिसतो? आज आम्ही तो एका मोटारीत दाखवणार आहोत. मोटारीचे नाव एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ही स्पोर्ट्स कार तयार झाली, पाच लाखांहून अधिक. त्यामुळे आजही ती हौशी लोकांकडे आहे आणि तिच्या बॅटऱ्या नि तारा घरीच बदलणारेही पुष्कळ आहेत.

या गाडीची बॅटरी बॉनेटखाली शोधू नका. ती असते सीटच्या मागे, गालिच्याखालच्या झाकणाच्या आत. आणि बहुतेक गाड्यांत एक नाही, दोन असतात. प्रत्येकी 6 व्होल्टची, एकीला एक जोडलेल्या. दोघींचे मिळून 12 व्होल्ट. 1974च्या अखेरीपासून मात्र एकच 12 व्होल्टची बॅटरी आली. वजन मध्यभागी आणि खाली राहते, हा या जागेचा फायदा. तोटा असा की खालून रस्त्याचे पाणी उडते, ब्रिटिश हिवाळ्यात त्यात मीठही असते आणि दिसत नसल्यामुळे कोणी बघतही नाही.

आता नियमाकडे येऊ. बॅटरी काढताना आधी ऋण तार सोडायची, असे कोणतेही मेकॅनिक मंडळी सांगतील. पाठ करायला सोपा नियम आहे. पण 1967च्या अखेरपर्यंत बनलेल्या एमजीबीत हाच नियम घात करतो. का, ते बघा.

मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन तारा नसतात. एक तार जाते, आणि परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीचे एक टोक या सांगाड्याला जोडलेले असते. त्याला मेकॅनिक लोक 'अर्थ' म्हणतात. आता समजा, आपण सांगाड्याला न जोडलेले, म्हणजे जिवंत टोक आधी सोडायला गेलो आणि पान्याचे दुसरे टोक बॉडीला लागले. झाले! बॅटरीचा सगळा जोर त्या पान्यातून वाहणार. ठिणग्या, भाजलेली बोटे, आणि चार्जिंगमधून निघालेला हायड्रोजन जवळ असेल तर स्फोटसुद्धा. हातातली अंगठी त्या जागी आली तर काय होईल, ते सांगायला नको. उलट अर्थची तार आधी सोडली, तर पाना बॉडीला लागून काही बिघडत नाही. तो आधीच बॉडीशी जोडलेला आहे. आणि ती एकदा सुटली की जिवंत टोकाला परतीची वाटच उरत नाही. म्हणून खरा नियम 'ऋण आधी' असा नसून 'अर्थ आधी सोडा, शेवटी जोडा' असा आहे.

जुन्या एमजीबीत धन टोक अर्थला असते. नंतरच्या मॉडेलमध्ये डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि ऋण टोक अर्थला गेले. म्हणजे शब्द पकडून बसणारा जुन्या गाडीत जिवंत तार आधी सोडणार. अर्थ धरणारा दोन्ही गाड्यांत सुरक्षित राहणार. तारेच्या रंगावरही विसंबू नका. साठ वर्षांत कोणी कोणती तार घातली असेल, कोण सांगणार? बॅटरीचा धन खुंट ऋण खुंटापेक्षा जाड असतो, आणि शंका असेल तर मीटर लावून बघा.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. गाडी सुरू होत नाही, बॅटरी नवी आहे, मग दोष कुठे? तारेत. पण तार वरून ठणठणीत दिसते. ओहममीटर लावला तरी रोध जवळजवळ शून्य. कारण आतल्या शेकडो धाग्यांपैकी चारच शाबूत असले, तरी मीटरच्या क्षुल्लक प्रवाहाला ते पुरतात. स्टार्टरला मात्र दीडशे अँपिअर लागतात. तारेत वा सांध्यात 0.01 ओहम रोध असला, तरी तिथे दीड व्होल्ट गळतो. म्हणून तपासणी भाराखाली करायची. इग्निशन बंद ठेवून, म्हणजे कॉइलची तार काढून, कोणाला तरी स्टार्टर फिरवायला सांगा आणि त्याच वेळी तारेच्या दोन टोकांमध्ये व्होल्टमीटर धरा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर तार किंवा सांधा दोषी. एमजीबीत बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची तार गाडीच्या तळातून लांब धावते, म्हणून बदलताना मूळ तारेपेक्षा बारीक कधीच घेऊ नये.

इंजिनाची अर्थपट्टी तर हमखास विसरली जाते. इंजिन रबरावर बसवलेले असते, म्हणजे सांगाड्यापासून तुटलेले. ही पट्टी नसेल, तर प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. चोकची केबल तापून धूर येतो, आणि लोक चोक बदलत बसतात!

देखभाल थोडक्यात. दोन बॅटऱ्या बदलायच्या तर एकदमच. एक अशक्त असली की दोघींचे काम तिच्यावर अडते. खुंटांवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. सांधा घासून घट्ट करा आणि मगच वर व्हॅसलीन लावा. पाणी भरायचे ते डिस्टिल्डच. विसावलेली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 दाखवत असेल तर भरलेली, 12च्या आसपास असेल तर जवळपास रिकामी. रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि ती परत सावरत नाही. बॅटऱ्या बाहेर काढल्याच आहेत, तर खालची लोखंडी चौकट गंजली आहे का, तेही पाहून घ्या.

शेवटी एक प्रश्न नेहमी विचारला जातो: दोन सहाऐवजी एक बारा घातली, तर गाडी 'मूळ' राहते का? मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाके का, आस का? रथ हे त्या सगळ्यांच्या जोडणीला दिलेले नाव, असे तो दाखवतो. त्या दृष्टीने पाहिले, तर दोनची एक केल्याने जोडणीतले काही बिघडत नाही. गाडीला 12 व्होल्टच मिळतात. पण धन-ऋण उलटे केले, तर सुटा भाग एकही न बदलता सगळे संबंध बदलतात. मग कॉइलच्या तारा अदलाबदल करा, डायनामोचे ध्रुव नव्याने ठरवा, इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर आणि रेडिओ सांभाळा. अल्टरनेटरच्या गाडीत चुकून बॅटरी उलटी जोडली, तर त्याचे डायोड क्षणात जळतात. म्हणून पाना उचलण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: या गाडीत अर्थ कुठे आहे?