लाल ओळींना घाबरू नका!

उद्या प्रोजेक्टचं सबमिशन आणि अँड्रॉइड स्टुडिओ म्हणतोय, 'बिल्ड फेल्ड'! लगेच सगळं अनइन्स्टॉल करायला धावू नका. एका चुकीमुळे पुढे वीस एरर दिसू शकतात, म्हणून आधी सर्वांत वरची वाचा. खाली 'कॉज्ड बाय' असेल, तर तसल्या शेवटच्या ओळीत बहुतेकदा मूळ कारण सापडतं. मित्राचा प्रोजेक्ट आपल्या लॅपटॉपवर उघडलाय? मग व्हर्जन तपासा. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.० ला किमान ग्रेडल ८.० आणि जेडीके १७ लागतं. जेडीके ११ वर ते चालतच नाही. सेटिंग्जमध्ये 'ग्रेडल जेडीके' बदलता येतं. एका वेळी एकच बदल करा, मग बिल्ड. आणि बिल्ड झालेला कोड लगेच गिटमध्ये कमिट करा, म्हणजे पुन्हा बिघडलं तरी परत फिरायला जागा राहील.