गटाराची पट्टी कोणी किती भरायची?

“इश्श! गटार हा काय लिहायचा विषय?” म्हणून पान उलटू नका हं. मागच्या पावसाळ्यात आमच्या मोरीतून काळं पाणी उलटं घरात आलं, तेव्हा पुरुषमंडळी नगरपरिषदेत फोन लावत होती आणि शेजारच्या काकू नि मी पोतेरी घेऊन बसलो होतो. तेव्हा विषय आपलाच आहे.

चेंबर उघडलं. आत चिंध्या, पॅड, भाताचा लगदा आणि थिजलेलं तेल. ते तेल बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आषाढ तळून झाल्यावर कढई मीच मोरीत ओतली होती. अंगणात साचलेलं पावसाचं पाणी जावं म्हणून चेंबरचं झाकणही आम्हीच उचलून ठेवायचो. पाण्याबरोबर वाळू आत जाते आणि नळ बुजतात, हे तेव्हा कळलं.

साफ करायला आलेला मुलगा सरळ आत उतरायला निघाला. मी त्याला अडवलं. आत विषारी वायू असतो. संरक्षक साधनांशिवाय असं माणसाला उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि अशा मृत्यूबद्दल ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं. “मशीनची गाडी बोलवा,” म्हटलं. गावात गाडी एकच. ती आली तिसऱ्या दिवशी! तोवर आमची धुणीभांडी काकूंच्या माहेरी.

मग घरपट्टीचं बिल नीट वाचलं. मलनिःसारण कर घराला किती भाडं येईल त्यावर बसवलेला. म्हणजे जुन्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजींना जास्त आणि दोन खोल्यांत खानावळ चालवणाऱ्याला कमी. गटारात कोण किती सोडतो, याचा हिशेबच नाही.

तो आपण करू. भुयारी गटार असलेल्या गावात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं सुमारे ८० टक्के गटारात जातं. पाच माणसांच्या घरातून ५४० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या ३६ बादल्या, रोज! गटार तुंबो न तुंबो, पंपाची वीज नि माणसांचा पगार चालूच.

म्हणून मला वाटतं, थोडी रक्कम सर्वांना सारखी असावी आणि बाकीची पाण्याच्या मीटरवर. लहान घरांना सवलत. हॉटेलं नि मंगल कार्यालयं यांना दर जास्त, शिवाय तेल अडवणारी टाकी सक्तीची. (आमचे हे म्हणतात, “मीटर आला की भांडी घासताना तू नळ बंद करायला शिकशील.” शिकेन की!) मात्र हा पैसा गटारावरच खर्च व्हावा आणि पावसाळ्याआधी कुठली चेंबरं उपसली ते फलकावर लागावं.

आकारणीची यादी लागली की हरकतीला मुदत असते. आमच्या आळीतल्या अकराजणींनी सह्या करून अर्ज दिला आहे. सुनावणी मंगळवारी दुपारी, नेमकी माझ्या तासाच्या वेळी. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.