विद्यापीठ परिसरात खोली घेताना: भाड्याच्या आकड्यापलीकडचा हिशेब

पावसाळ्याच्या तोंडावर महाविद्यालयांचे निकाल लागतात, पदव्युत्तर प्रवेशाची प्रक्रिया सुरू होते आणि त्याबरोबरच ताळगाव, दोनापावला, बांबोळी, सांताक्रूझ या भागांत खोल्यांची शोधाशोधही सुरू होते. काणकोण, सत्तरी, पेडणे, सांगे अशा दूरच्या तालुक्यांतून येणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक दारोदार चौकशी करताना दिसतात. ‘भाडे किती?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेकदा तोच शेवटचाही ठरतो. वस्तुतः विद्यार्थ्याच्या वर्षाचे गणित भाड्याच्या आकड्यापेक्षा इतर गोष्टींवर अधिक अवलंबून असते. खोली किती काळ हक्काने राहील, अनामत परत मिळेल काय, पाणी आणि वीज यांचा खर्च कोणाच्या माथी येईल, हे प्रश्न प्रवेशाच्या घाईत मागे पडतात आणि परीक्षेच्या तोंडावर पुढे येतात.

पठारावरचे विद्यापीठ, पायथ्याची गावे

गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ साली झाली. त्यापूर्वी गोव्यातील पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील केंद्रामार्फत चालत असे. केंद्र शहरात होते, तोवर विद्यार्थ्यांना शहराच्या वस्तीचा आधार होता. नवे विद्यापीठ ताळगावच्या पठारावर उभे राहिले. जांभ्या दगडाच्या या विस्तीर्ण माळावर जागा मुबलक होती. परंतु जुनी वस्ती, बाजारपेठ, खाणावळी असे काही नव्हते. वस्ती होती ती पठाराच्या पायथ्याशी: ताळगावच्या भातशेतीलगतच्या वाड्यांत, सांताक्रूझला, मेरशीला आणि आगशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावांत.

गेल्या चार दशकांत हे चित्र पालटले. बांबोळीला गोमेकॉ आले. दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आधीपासूनच होती. निवासी डॉक्टर, परिचारिका, संशोधक, रुग्णांचे नातेवाईक, राजधानीत नोकरी करणारे तरुण या सर्वांना याच पट्ट्यात राहण्याची जागा हवी असते. त्यातच समुद्राचे दर्शन घडविणाऱ्या सदनिकांना सुट्टीतील घरे म्हणून मागणी वाढली. दिवसाच्या हिशेबाने भाडे देणारा पर्यटक आणि महिन्याच्या हिशेबाने देणारा विद्यार्थी यांच्यात घरमालकाने कोणाला निवडावे, याचे उत्तर बाजार सहज देतो. पर्यटकांना जागा देणाऱ्याने १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यान्वये पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे आवश्यक असते, हे खरे. तरी या स्पर्धेत विद्यार्थी मागे पडतो, ही वस्तुस्थिती बदलत नाही. विद्यापीठाची वसतिगृहे आहेत, पण तेथील जागा मर्यादित. त्यामुळे परवडणारी खोली हळूहळू पठारावरून खाली आणि पायथ्यावरून दूर सरकत गेली आहे. चिंबल, मेरशी, कुडका, पिलार, आगशी ही नावे आज विद्यार्थ्यांच्या यादीत येतात ती यामुळेच. २०२२च्या अखेरीस नवा जुवारी पूल वाहतुकीस खुला झाल्यानंतर कुठ्ठाळीकडच्या भागाचाही विचार होऊ लागला.

स्वस्त म्हणजे नेमके किती?

दूरची खोली स्वस्त असते, हे अर्धसत्य आहे. हिशेब समजण्यापुरते दोन काल्पनिक आकडे घेऊ. विद्यापीठापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी सामायिक खोलीतील एका जागेचे भाडे ६,५०० रुपये आहे. दूरच्या गावात तीच जागा ४,५०० रुपयांना मिळते. वरवर पाहता महिन्याला २,००० रुपयांची बचत दिसते. मात्र दूरच्या खोलीतून पणजीला येऊन बस बदलावी लागली आणि जाण्यायेण्यास रोज ८० रुपये लागले, तर २४ दिवसांचे १,९२० रुपये होतात. म्हणजे उरतात केवळ ८० रुपये. शिवाय रोज दोन तास प्रवासात गेले, तर महिन्याचे ४८ तास संपतात. संध्याकाळनंतर खासगी बसगाड्या विरळ होत जातात. प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात उशिरापर्यंत थांबणाऱ्या विद्यार्थिनीला मग दुचाकीचा अथवा रिक्षाचा खर्च सोसावा लागतो किंवा काम अर्धवट टाकून निघावे लागते.

दुचाकी असेल तर गणित वेगळे होते. मात्र इंधनाबरोबर देखभाल, विमा आणि पावसाळ्यातील धोका हेही त्यात धरावे लागतात. म्हणून भाडे, प्रवास, जेवण, वीज, पाणी आणि अनामत यांची एकत्र बेरीज करूनच दोन खोल्यांची तुलना करावी. खोलीत स्वयंपाकाची मुभा आहे की नाही, हा प्रश्नही या बेरजेत मोठा फरक पाडतो. रोज दोन्ही वेळा बाहेर जेवणाऱ्याचा खर्च स्वस्त भाड्याचा लाभ पुसून टाकू शकतो.

अकरा महिन्यांचा करार आणि त्याचा अर्थ

गोव्यात खोलीचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा उपनिबंधकाकडे नोंदवणे बंधनकारक आहे. तो खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी मुदत बारा महिन्यांच्या आत ठेवली जाते. नोटरीसमोर केलेली सही म्हणजे नोंदणी नव्हे, ही बाब येथे लक्षात ठेवावी.

दुसरा मुद्दा कराराच्या नावाचा. अनेक करारांवर ‘भाडेपट्टा’ असे न लिहिता ‘लिव्ह अँड लायसन्स’ असे लिहिलेले असते. या दोहोंत मूलभूत फरक आहे. भाडेपट्ट्याने भाडेकरूला जागेत कायदेशीर हितसंबंध मिळतो. परवान्याने केवळ वापराची अनुमती मिळते. परवानाधारकाला असणारे संरक्षण त्यामुळे तोकडे असते. तथापि कागदावरचे शीर्षक हा अंतिम निर्णय नसतो. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दस्तऐवजाच्या नावापेक्षा पक्षकारांचा खरा हेतू आणि जागेचा ताबा कोणाकडे आहे, हे पाहावे असा दंडक घालून दिला. घरमालकाच्या घरातील एका खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहणारा आणि स्वतंत्र कुलुपाची सदनिका घेऊन राहणारा, या दोघांची कायदेशीर स्थिती म्हणूनच सारखी नसते.

करार लेखी नसला तरी भाडेकरू अगदी निराधार नसतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, वेगळे काही ठरलेले नसल्यास निवासी भाडे हे महिनेवारी मानले जाते आणि ते संपविण्यासाठी १५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. भाडेकरूला बळजबरीने बाहेर काढल्यास विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याच्या सहाव्या कलमान्वये सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो. पण एप्रिलमध्ये परीक्षा असलेल्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांत लावता येणाऱ्या दाव्याचा उपयोग किती? त्याचे खरे संरक्षण न्यायालयात नव्हे, सही करण्यापूर्वीच्या चर्चेत असते. कराराची मुदत सत्राअखेरच्या परीक्षेनंतर संपेल अशी आखावी. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना ठरवून घ्यावी. परीक्षेच्या काळात जागा रिकामी करण्यास सांगता येणार नाही, असे एक वाक्य करारात घालावे. अनेक घरमालक त्यास हरकत घेत नाहीत. बहुतेकदा ते मागितलेच जात नाही.

घरमालकाची धास्ती

गोमंतकीय घरमालक करारात इतका सावध का असतो, हे समजून घेतले तर बोलणी सोपी होतात. गोव्यात कूळ आणि मुंडकार यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यांना मोठा सामाजिक इतिहास आहे. १९७५च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना निष्कासनापासून अभय दिले. १९६८च्या इमारत भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला बाहेर काढण्याची कारणे आणि पद्धत निश्चित केली. यातून ‘एकदा आत आलेला माणूस बाहेर जात नाही’ ही भीती घराघरांत मुरली. वास्तविक भाडे देऊन राहणाऱ्या व्यक्तीला मुंडकाराच्या व्याख्येतून वगळलेले आहे. सहा-सात महिने राहिलेला विद्यार्थी मुंडकार होईल, ही शंका अनाठायी आहे. नियमित पावती देणे आणि घेणे हे म्हणूनच दोघांच्याही हिताचे असते: विद्यार्थ्याला ती पैसे दिल्याचा पुरावा ठरते, तर घरमालकाला समोरची व्यक्ती भाडेकरूच असल्याचा.

पोलीस पडताळणी हा या धास्तीचा दुसरा पैलू. भाडेकरूची माहिती संबंधित पोलीस ठाण्यात देण्याची जबाबदारी घरमालकावर असते. विद्यार्थ्याने आधार कार्ड, छायाचित्र, प्रवेशाचा पुरावा आणि कायमचा पत्ता आधीच तयार ठेवल्यास घरमालकाचा अर्धा संकोच दूर होतो. पडताळणी टाळू पाहणारा घरमालक मात्र सोयीचा वाटला तरी टाळलेला बरा. जो पोलिसांकडे नोंद करत नाही, तो करार आणि पावतीही टाळण्याची शक्यता असते.

अनामत, वीज आणि पाणी

विद्यार्थी आणि घरमालक यांच्यातील बहुतेक वाद भाड्यावरून होत नाहीत. ते अनामतीवरून होतात. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, अशी तरतूद आहे. हा कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही; मात्र बोलणी करताना त्याचा मापदंड म्हणून उपयोग होतो. खोली ताब्यात घेताच भिंती, खिडक्या, नळ, पंखे, पलंग यांची छायाचित्रे काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवावीत. रंगाचे नेहमीचे झिजणे आणि भाडेकरूने केलेले नुकसान यांतील फरक करारात स्पष्ट असावा.

विजेचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा असतो. वीज खात्याचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. वापर जितका अधिक, तितका वरच्या टप्प्यातील युनिटचा दर जास्त. एकाच मीटरवर चार खोल्या असतील तर एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो आणि मोजकी वीज वापरणाऱ्यालाही चढ्या दराचा भार उचलावा लागतो. स्वतंत्र मीटर आहे, उपमीटर आहे की ठोक रक्कम घेतली जाते, हे आधी विचारावे आणि मागील दोन-तीन महिन्यांची बिले पाहावीत.

पाण्याचा प्रश्न पठारावर आणि उंच भागांत विशेष असतो. नळाचे पाणी दिवसातून किती वेळ येते, साठवणीची टाकी केवढी आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवावा लागल्यास त्याचे पैसे कोण देणार, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. जूनपूर्वी खोली पाहणाऱ्याने छताच्या कोपऱ्यांतील पिवळट डाग आणि भिंतीच्या पायथ्याशी सुटलेला रंग यांकडे लक्ष द्यावे. गोव्याच्या पावसात या खुणांचे रूपांतर गळतीत आणि बुरशीत व्हायला वेळ लागत नाही. पुस्तके, संगणक आणि श्वसनाचे विकार असलेल्या विद्यार्थ्याचे आरोग्य यांना त्याची झळ पोहोचते.

खोली देणारा खरोखर मालक आहे काय, हेही तपासावे. गोव्यातील अनेक घरे वारसांच्या सामायिक मालकीची असतात, तर अनेक सदनिकांचे मालक परदेशी असतात आणि व्यवहार नातेवाईक पाहतात. घरपट्टीची पावती, वीज बिलावरील नाव आणि आवश्यक तेथे मुखत्यारपत्र पाहण्यात संकोच करू नये. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत. खासगी वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी: दरमहा प्रतिव्यक्ती २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जुलै २०२४ पासून वस्तू व सेवा करातून सूट आहे. अशा बिलात हा कर लावलेला दिसल्यास त्याचे कारण विचारावे.

प्रश्न केवळ खोलीचा नाही

पठाराभोवतीच्या खोल्या महाग होत गेल्या, तर त्याचा पहिला फटका सधन घरातील मुलांना बसत नाही. तो बसतो काणकोणच्या किंवा सत्तरीच्या ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर पडते त्या घराला, आणि त्यातही मुलीला. तिच्या बाबतीत ‘एवढे भाडे आणि एवढा प्रवास कशाला?’ हा प्रश्न घरात लवकर विचारला जातो. प्रवेश गुणवत्तेवर मिळतो. पण तो टिकवणे पुष्कळदा निवाऱ्यावर अवलंबून असते. वसतिगृहांची क्षमता वाढवणे, विद्यापीठ आणि आसपासची गावे यांच्यात संध्याकाळनंतरही बस धावेल याची व्यवस्था करणे आणि विद्यार्थ्यांना जागा देणाऱ्या घरमालकांची पंचायतनिहाय यादी विद्यापीठाने ठेवणे, ही कामे अशक्य कोटीतील नाहीत. ती होईपर्यंत खोली शोधणाऱ्याने एवढे करावे: भाड्याचा आकडा विचारण्याआधी पाण्याची टाकी पाहावी आणि अनामत देण्याआधी करार वाचावा.