लग्नाची कॅसेट वाचवायची, तर कॉम्प्युटर कसा जुळवावा?

कारखान्यांचा पट्टा पडला की टोळ्या गावाकडे फिरतात आणि आपल्या भागात लग्नांची घाई सुरू होते. बीड जिल्ह्याची लग्नसराई ऊसतोडीच्या वेळापत्रकावर चालते, हे वडवणीकरांना नव्याने सांगायला नको. नव्वदच्या दशकात या लग्नांत एक नवा पाहुणा येऊ लागला. खांद्यावर कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला! मागे लाइट धरलेलं एक पोरगं, वायर सांभाळायला दुसरं. महिन्याभराने 'मिक्सिंग' होऊन कॅसेट यायची, भाड्याने व्हीसीआर आणायचा आणि अर्धी आळी टीव्हीपुढे बसायची.

त्या कॅसेटी आज कुठे आहेत? घरात विचारून बघा. पत्र्याच्या पेटीत, नाहीतर माळ्यावर, जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली. व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी मानली जाणारी फुनाई, तीही जपानचीच, २०१६ च्या जुलैत थांबली. म्हणजे आज जे यंत्र चालू आहे ते जुनंच आहे आणि त्याचे सुटे भागही जुन्या यंत्रातूनच काढावे लागतात. त्यात मे महिन्यात पत्र्याखालची उष्णता आणि पावसाळ्यातली ओल. फितीवरचा थर सुटतो, बुरशी धरते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, तिथे सिनेमे जपले जातात. तुमच्या आमच्या घरची कॅसेट जपायला कोणतं खातं येणार नाही.

हे सगळं सुचायला कारण घडलं. वडवणीतल्या एका शेतकऱ्याच्या पोराने कॉम्प्युटर असेंबल करायचं ठरवलं. दुकानदाराने यादी लिहून दिली. वडिलांनी ती आमच्यापुढे धरली. "तुम्ही बघा जरा. बहिणीच्या लग्नाची कॅसेट हाय, आबांचा आवाज तेवढा एकाच ठिकाणी राह्यलाय. पोरगं म्हणतंय, ह्या मशीनवर उतरवतो. पर एवढं पैसं लागतेत का?" यादीत निम्मे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डाचे होते. कॅसेट ज्यातून वाजवायची त्या व्हीसीआरचा मात्र यादीत उल्लेखच नव्हता.

घोळ नेमका इथेच होतो. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. फीत आपल्या चालीने चालते, मशीन दहा हजाराचं असो की लाखाचं. तेव्हा पैसा कुठे लावायचा, हे आधी कामाच्या दोन टप्प्यांवरून ठरवावं. पहिला टप्पा उतरवण्याचा, दुसरा आवळण्याचा. कापसासारखंच आहे. घरात वेचून आणलेला कापूस खोलीभर होतो, जिनिंगमध्ये त्याच्या गाठी बांधल्या की ट्रकमध्ये मावतो. व्हिडिओ आवळण्याला एन्कोडिंग म्हणतात. फरक एवढाच की या आवळण्यात थोडा मालही कायमचा गळतो. म्हणून उतरवताना पूर्ण माल घ्यावा आणि आवळायचं नंतर.

उतरवण्यासाठी चांगला व्हीसीआर ही पहिली खरेदी. हेड साफ असलेला, फीत न चावणारा. आधी एखादी टाकाऊ कॅसेट घालून बघा, मग घरची घाला. व्हीसीआरच्या पाठीमागून तीन वायरी निघतात. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. त्या कॅप्चरच्या डबीत जातात आणि डबी यूएसबीने कॉम्प्युटरला लागते. अगदी स्वस्तातली डबी घेतली तर जुन्या फितीचं हलतं चित्र तिला झेपत नाही, मधली चित्रं गळतात आणि आवाज पुढे-मागे होतो. यावर जुना उपाय म्हणजे व्हीसीआर आणि डबी यांच्या मध्ये एखादा डीव्हीडी रेकॉर्डर जोडणे. काही रेकॉर्डर चित्र आतून जाताना स्थिर करून देतात. सगळेच देत नाहीत, तेव्हा घेण्याआधी लावून बघावं. आणि सेटिंगमध्ये 'पाल' निवडावं. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रांच्या. अमेरिकी पद्धत राहिली तर चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा नुसतं गडगडतं, आणि माणूस समजतो कॅसेट गेली.

आता जागा. पाल चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. काहीही न आवळता ठेवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. काहीही न गळवता आवळण्याची पद्धत वापरली तर २५ ते ४० जीबीत भागतं. घरात तीन-तीन तासांच्या वीस कॅसेटी असल्या तरी तासाला ३० जीबी धरून १८०० जीबी झाले. म्हणजे ४ टीबीची एक हार्डडिस्क पुरून उरते. विंडोजसाठी वेगळी लहान एसएसडी असावी, म्हणजे उतरवताना हार्डडिस्कवर दुसरं काम पडत नाही.

प्रोसेसरचं गणित लोकांना घाबरवतं, पण आपल्या कामापुरतं ते सोपं आहे. कॅसेटच्या चित्रात ४ लाख १४ हजार ७२० ठिपके, तर आजच्या फोर-के चित्रात ८२ लाख ९४ हजार ४००. बरोबर वीसपट. जाहिराती सगळ्या त्या वीसपटीच्या कामासाठी आहेत. आपल्याला सहा कोअरचा साधा प्रोसेसर भरपूर झाला. समजा आवळायला रात्र लागली, तर बिघडलं काय? रात्रीच्या लाइटीवर मोटार लावून आपण जागतोच. कॉम्प्युटरला तर जागायचीही गरज नाही.

कार्यालयांतून निघालेले जुने कॉम्प्युटर शहरात मिळतात, तेही चालतात. पण घेताना दात बघून घ्यावेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर मान्य आहे. आठव्या पिढीच्या आय-फाइव्हला, उदाहरणार्थ ८५००, सहा कोअर असतात. सातव्या पिढीच्या ७५०० ला चारच. दुकानदार दोघांनाही 'आय-फाइव्ह' म्हणूनच विकतो. आकडा पाहा, नाव नको.

नवा घेणार असाल तर आणखी एक खोच. इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या नावाशेवटी 'एफ' असतो. त्यात चित्र दाखवणारा भाग चालू नसतो, म्हणून तो थोडा स्वस्त आणि मग ग्राफिक्स कार्ड घेणं भागच पडतं. एफ नसलेला घ्या. इंटेलने २०११ पासून अशा प्रोसेसरांतच व्हिडिओ आवळणारा वेगळा भाग दिलेला आहे. तो झपाट्याने काम उरकतो, पण तेवढ्याच जागेत चित्राची प्रत सहसा थोडी कमी राहते. लग्नाच्या कॅसेटीला म्हणून सावकाश, प्रोसेसरवरच काम करू द्यावं. त्या पोराच्या यादीतलं ग्राफिक्स कार्ड आम्ही खोडलं. पोरगं नाराज झालं, त्याला गेमही खेळायचे होते हे तेव्हा कळलं!

रॅम १६ जीबी पुरे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा जास्तीची आत्ताच भरण्यात शहाणपण नाही. मदरबोर्डवर मोकळी जागा असली की झालं.

खरी काटकसर जिथे करू नये ती जागा एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला डबा आपल्या व्होल्टेजला टिकत नाही. जाईल तेव्हा मदरबोर्ड घेऊनही जाऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा या कामाला बास आहे. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. यूपीएस हवाच, कारण कॅसेट निम्मी उतरली असताना लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून फीत चालवावी लागते आणि जुनी फीत किती वेळा चालेल याचा भरवसा नाही. कापसाच्या दिवसांत पंख्यात बोंडाचा भुस्सा बसतो, तो महिन्याला झाडावा.

उतरवायला व्हर्च्युअलडब आणि आवळायला हँडब्रेक, दोन्ही फुकट मिळतात. कॅसेटचं चित्र एकाआड एक रेषांनी बनलेलं असतं. ते तसंच आवळलं तर हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. हँडब्रेकमध्ये 'डीइंटरलेस' चालू केलं की ते जातात. पद्धत एच २६४ निवडा. ती २००३ ची असली तरी मोबाइल, टीव्ही सगळीकडे चालते. २०१३ ची एच २६५ जागा कमी खाते, पण आवळायला वेळ घेते आणि जुने टीव्ही ती दाखवत नाहीत. तासाला २ जीबीच्या आसपास फाइल झाली की चित्र चांगलं राहतं. मूळ मोठी फाइल पुसू नका. तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या गावी ठेवा, बहिणीच्या सासरी ठेवली तरी चालेल.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही हे कामाचं आहे. ग्रामसभेचं मोबाइलवर चित्रीकरण होतं, मग ते मोबाइलच्या पोटातच राहतं आणि मोबाइल बदलला की जातं. पंचायतीच्या कॉम्प्युटरला एक हार्डडिस्क जोडून सभेच्या तारखेने फाइली ठेवाव्यात. इथे प्रोसेसरमधला झटपट आवळणारा भाग जरूर वापरावा. ग्रामसभेत चित्रापेक्षा कोण काय बोललं ते ऐकू येणं महत्त्वाचं, म्हणून माइक जवळ ठेवा.

त्या घरी तीन कॅसेटी होत्या. दोन उतरल्या. दुसरीत पंगत चालू असताना कॅमेरा वळतो आणि पडद्याबाहेरून आवाज येतो, "वाढा रं, पाव्हण्यांच्या ताटात वाढा!" आबा दिसत नाहीत, नुसता आवाज. म्हातारी आजी उठून टीव्हीजवळ जाऊन बसली आणि नातवाला म्हणाली, "मागं घे रं तेवढं." त्याने चार वेळा मागं घेतलं. तिसऱ्या कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसते. ती व्हीसीआरमध्ये घातली तर हेडही खराब होईल आणि पुढच्या कॅसेटींनाही लागण होईल. म्हणून ती वेगळ्या डब्यात, कोरड्या जागी ठेवली आहे. फीत साफ करून देणारा माणूस पोरगं शोधतंय.