शुल्क, श्रम आणि प्रतिष्ठा : बेरिया महाविद्यालयाची अर्थव्यवस्था

ख्रिस्ती महाविद्यालयातील शिक्षणाचा खर्च गरीब विद्यार्थ्याने कसा भागवावा, या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील केंटकी राज्यात आढळते. गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी १८५५ मध्ये स्थापन केलेल्या बेरिया येथील संस्थेत १८९२ पासून शिक्षणशुल्क घेतले जात नाही. तेथे प्रवेश मुख्यत्वे आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांनाच मिळतो. प्रत्येकास आठवड्यातून किमान दहा तास सवेतन काम करावे लागते.

या श्रमांतूनच शुल्काची भरपाई होते, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः शुल्काचा भार प्रामुख्याने कायम निधीचे उत्पन्न, देणग्या व शासकीय अनुदाने उचलतात. विद्यार्थ्याच्या वेतनातून पुस्तके, भोजन, निवास अशा खर्चास हातभार लागतो. श्रमाचे खरे महत्त्व समतेत आहे. काम सर्वांनाच अनिवार्य असल्याने ते गरिबीची खूण ठरत नाही.

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षणाची परंपरा रुजविली. आपल्या महाविद्यालयांतील ‘कमवा व शिका’ योजनेत मात्र बहुधा गरजू विद्यार्थीच काम करतात. म्हणून निधी आणि प्रतिष्ठा या दोहोंचा विचार प्राध्यापकांनी एकत्रितपणे करणे अगत्याचे ठरते.