काटा जागेवरून का हलतो?

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हर्णै असो की मिरकरवाडा, शाकारून ठेवलेल्या बोटींच्या पोटात याच काळात इंजिनाची कामे निघतात. ऑइल बदलते, फिल्टर बदलतो, पाण्याचा पंप उघडला जातो. मग हंगामाच्या पहिल्या फेरीला तांडेलाची नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर जाते आणि काटा मे महिन्यातल्या जागी नसतो. तीन किलोवर असायचा तो साडेतीनवर चढलेला, नाहीतर अडीचवर उतरलेला. हा किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार. काटा चढला की समाधान, उतरला की मिस्त्रीला फोन. दोन्हींत घाई होते.

ऑइल पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. दर फेऱ्याला ठरलेले माप. दाब येतो तो पुढच्या अडवणुकीतून. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते आणि तेवढ्यातून तेलाला वाट काढायची असते. फट झिजून रुंदावली किंवा तेल पातळ झाले, तर ते सहज निसटते आणि काटा उतरतो. तेल दाट असले, तर अडते आणि काटा चढतो. दाब फारच वाढला, तर स्प्रिंगची झडप उघडून जादा तेल चेंबरमध्ये परत सोडते.

मग शाफ्टला तोलून धरतो तो दाब कोणता? याचे उत्तर इंग्लंडमध्ये १८८३ साली अनपेक्षितपणे हाती आले. बोशां टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातूनच वर येऊ लागले. बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे दाबमापक लावला. त्याची मोजपट्टी चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १४ किलोपर्यंत होती, आणि काटा तिच्याही पुढे गेला. फिरता आस स्वतःच तेलाला पाचरीसारखे ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. म्हणजे पंपाचे काम त्या थराला तेल पुरवत राहणे, एवढेच. म्हणूनच काटा जास्त म्हणजे इंजिन जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

आता सर्व्हिसिंगकडे येऊ. तेलाचा दाटपणा तापमानावर विलक्षण अवलंबून असतो. १५डब्ल्यू-४० जातीचे तेल ४० अंशांना जेवढे दाट, त्याच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याएवढेच ते १०० अंशांना उरते. त्यामुळे पाण्याच्या पंपाचा झिजलेला इंपेलर बदलला आणि कूलर साफ केला, की इंजिन थंड चालते, तेल दाट राहते आणि काटा चढतो. तेलाच्या वाटेला कोणी हातही लावलेला नसतो! जुन्या तेलाचेही दोन प्रकार. गळक्या नोझलमधून डिझेल मिसळत गेले असेल, तर ते पातळ झालेले असते. नवे तेल घालताच काटा वर जातो. काजळी साठून ते घट्ट झाले असेल, तर नव्या तेलावर काटा खाली येतो, आणि ती उतरण चांगलीच म्हणायची.

एक चूक मात्र खास किनाऱ्यावरची. वाळूवर ओढलेली बोट एका अंगाला कललेली असते. तशा स्थितीत डिपस्टिकवर दिसणारी तेलाची पातळी खरी नसते. कमी दिसले म्हणून जास्त ओतले, तर बोट पाण्यात सरळ झाल्यावर क्रँकशाफ्ट तेल घुसळू लागतो, फेस होतो आणि काटा थरथरतो. उलट तेल कमी राहिले, तर लाटेवर बोट झुकताच पंपाच्या तोंडाशी हवा येते. मोजमाप बोट तरंगू लागल्यावरच घ्यावे.

कधी दोष मापकाचाच असतो. एका तारेच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतून मिळते. त्यावर टेफलॉनची पट्टी दाबून गुंडाळली, तर काटा खोटे आकडे दाखवतो. शंका आली तर साधा यांत्रिक मापक थेट जोडून पाहावा.

धोक्याची खूण वेगळी असते. नवा फिल्टर रिकामा असल्याने पहिल्यांदा इंजिन सुरू करताना काटा उठायला काही सेकंद लागतात. पण तो उठलाच नाही, किंवा चालत्या इंजिनावर अचानक कोसळला, तर इंजिन तत्काळ बंद करायला हवे. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर दाबाखाली तेल बाहेर उडते आणि चेंबर बघता बघता रिकामा होतो.

बाकी तुलना करायची, तर मे महिन्यातली नोंद हवी: इंजिन पूर्ण तापलेले असताना, ठरलेल्या आरपीएमला काटा कुठे होता. ती हाताशी असली, की बंदरातून निघतानाचा साडेतीन किलोचा काटा दुसऱ्या तासाला, तेल तापल्यावर, तीनवर येऊन स्थिरावलेला दिसतो.