शॉकअप बदलताय? आधी वजन सांगा!

थंडीत भिगवणला फ्लेमिंगो बघायला जायचा प्लॅन ग्रुपवर पडला, की कोण कोणाच्या मागे बसणार हे लगेच ठरतं. गाडीचे मागचे शॉकअप कसे आहेत, हे मात्र कुणीच विचारत नाही. आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात तर ते विचारायलाच हवं. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, त्यात खचलेल्या साइडपट्ट्या आणि गावोगावचे गतिरोधक. डबलसीट, पाठीवर सॅक आणि अचानक खड्डा आला, तर मागचं चाक रस्त्याला चिकटून ठेवायचं काम शॉकअपचं. ते दमले असतील तर गाडी डोलते आणि ब्रेकही नीट लागत नाही.

गेलेत की नाही?

गाडी सरळ धरा, सीट जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर आतलं डॅम्पिंग संपलंय. रॉडवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलं. पैसे काढण्याआधी टायरमधली हवा आणि शॉकअपचे रबरी बुशही बघून घ्या.

घट्ट केलं म्हणजे कडक झालं?

नाही! क्लासिक ३५० सारख्या गाडीला प्रीलोडच्या ६ पायऱ्या असतात. त्या फिरवल्या की गाडीची मागची बाजू उचलली जाते, स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो. मागे बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून डबलसीट जाताना प्रीलोड वाढवायचा आणि एकटं असताना परत कमी करायचा.

आता मोजून बघा. मागचं चाक उचललेलं असताना, चाकाच्या एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर टेपने घ्या. मग चाक टेकवून, नेहमीच्या सामानासह गाडीवर बसा आणि मित्राला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश असावा. म्हणजे चाक ९० मिमी हलत असेल तर साधारण २२ ते ३० मिमी. प्रीलोड पूर्ण वाढवूनही गाडी जास्तच बसत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ पडतेय.

डबीच्या मोहात पडू नका

सलग खड्ड्यांत शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि डॅम्पिंग ढिलं पडतं. दाबाखालचा नायट्रोजन हा फेस रोखतो. बाहेरच्या डबीमुळे तेलाला आणि गॅसला जास्त जागा मिळते. लांबच्या टूरला याचा फायदा आहेच, पण रंगीत डबी दिसली म्हणजे आत गॅस असेलच असं नाही. गॅसचा शॉकअप साध्या गॅरेजमध्ये उघडायला देऊ नका, आत मोठा दाब असतो.

लांबी तीच, जोडी पूर्ण

गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॉकअप टाकले की मागची बाजू वर जाते, हँडल चंचल होतं आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. आखूड टाकले तर टायर मडगार्डला घासू शकतो. म्हणून दोन्ही बोल्टच्या मधलं अंतर कंपनीच्या शॉकअपएवढंच हवं. दोन शॉकअपची गाडी असेल तर एक गेला तरी जोडी बदला.

रोज कॉलेज आणि महिन्यातून एखादी ट्रिप असेल, तर कंपनीचा ओरिजिनल पार्ट पुरतो. महिन्याला चार टूर, तेही डबलसीट आणि सामानासह होत असतील, तर जास्त खर्चाचा विचार करा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा.

दुकानात गेल्यावर ‘भारीतले दाखवा’ म्हणू नका. तुमचं वजन, मागच्याचं वजन आणि सामान किती, हे सांगा. बसवल्यावर भिगवणपर्यंत एक चक्कर मारा आणि मागे बसणाऱ्याला विचारा. मागच्या शॉकअपचा खरा रिपोर्ट तोच देतो.